बर्कची अठ्ठावीस वर्षे

आमच्या घरी आजोबांच्या संग्रहात एडमंड बर्कच्या अमेरिकेविषयीच्या भाषणाची एक शालेय आवृत्ती होती. तिची बांधणी सुटलेली होती व कडा कसरीने खाल्लेल्या होत्या. परंतु समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात केलेल्या टिपा अजून वाचता येत. आजोबांस हे पुस्तक परीक्षेसाठी नेमलेले होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्यातील उतारेच्या उतारे मुखोद्गत केले होते. उतारवयातही संध्याकाळी ओसरीवर फेऱ्या घालताना ते ती वाक्ये म्हणत, आणि आम्हां नातवंडांस अर्थ न कळताही त्या वाक्यांचा घोष आवडत असे. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मी ते पुस्तक प्रथम उघडले, तेव्हा एक गोष्ट सहज ध्यानात आली. जेथे जेथे अलंकार होता तेथे तेथे पेन्सिलीची रेघ होती. जेथे आकडे होते तेथे समास कोरा होता. वसाहतींच्या व्यापाराची १७०४ सालची व १७७२ सालची स्थिती बर्कने शेजारी शेजारी मांडली आहे. त्या पानावर तर आजोबांनी ‘परीक्षेस नाही’ असा शेराच मारून ठेवला होता.

एका विद्यार्थ्याने मारलेला हा शेरा बर्कच्या बहुतेक टीकाकारांनी मान्य केलेला दिसतो. निवडक उताऱ्यांच्या पुस्तकातून ज्याची ओळख होते तो बर्क वक्ता आहे, शैलीकार आहे, तत्त्वचिंतक आहे. परंतु ज्या कामात त्याने आयुष्याची अठ्ठावीस वर्षे घालविली ते काम करणारा बर्क, म्हणजे कॉमन्स सभेचा सभासद, त्यात कोठे आढळत नाही. समितीच्या खोलीत बसून कंपनीची दप्तरे चाळणारा, रात्री दोन वाजता रिकाम्या होत चाललेल्या सभागृहात उभा राहून बोलणारा, आणि बहुतेक वेळा मत हरून घरी जाणारा हा सभासद पाहिल्यावाचून त्याच्या गद्याचे मर्म कळावयाचे नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते वाटणे कितपत खरे आहे हे येथे तपासून पाहावयाचे आहे.

चरित्र थोडक्यात सांगून टाकतो. बर्कचा जन्म डब्लिनचा. तेथील ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण झाल्यावर बापाच्या इच्छेप्रमाणे तो कायदा शिकण्यास लंडनला आला. कायदा सुटला व लेखन लागले. उदात्त आणि सुंदर ह्यांच्या मीमांसेवरील त्याचा ग्रंथ १७५७ साली निघाला. १७६५ साली तो लॉर्ड रॉकिंगहॅमचा खाजगी चिटणीस झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस वेन्डोव्हरतर्फे कॉमन्स सभेत निवडून आला, आणि तेव्हापासून १७९४ च्या जूनपर्यंत तो त्या सभेत अखंड होता. इतक्या प्रदीर्घ काळात अधिकाराचे पद त्याच्या वाट्यास किती आले? सैन्याच्या खजिनदाराचे पद दोन वेळा मिळाले, तेही १७८२ व १७८३ ह्या दोन सालांत, आणि दोन्ही वेळा मिळून ते वर्षभरसुद्धा टिकले नाही. मंत्रिमंडळात त्यास कधीच घेतले नाही. आयरिश, निर्धन, कॅथॉलिक आईचा मुलगा. ज्या उमरावांचा पक्ष त्याने बांधला, त्यांनी त्याची लेखणी वापरली, त्याच्या घरी जेवणे झाली, पण पंगतीत त्याचे पान नेहमी दाराजवळच मांडले.

मतांचा हिशेब त्याहून निराशाजनक आहे. आजोबांनी पाठ केलेले ते भाषण २२ मार्च १७७५ रोजी झाले. तीन तासांच्या सुमारास बर्क बोलत होता. मते मोजली तेव्हा त्याच्या बाजूने ७८ व विरुद्ध २७० पडली. आणि एक महिनाही उलटला नाही तोच लेक्सिंग्टन येथे गोळीबार झाला. फॉक्सचे हिंदुस्थानविषयक विधेयक, ज्याच्या घडणीत बर्कचा हात फार मोठा होता, ते कॉमन्समध्ये तरले. पण १७८३ च्या डिसेंबरात राजाच्या इशाऱ्याने लॉर्ड्स सभेने ते ७६ विरुद्ध ९५ मतांनी बुडविले, आणि विधेयकाबरोबर मंत्रिमंडळही गेले. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग सात वर्षे चालला. १७८८ साली वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उसळलेली गर्दी केव्हाच ओसरली होती, आणि १७९५ च्या एप्रिलात निकाल देण्यास अवघे २९ उमराव उरले होते. त्यांनी हेस्टिंग्जला निर्दोष ठरविले. कंपनीने त्यास सालीना ४००० पौंडांची नेमणूक करून दिली.

अशा सभासदाची कारकीर्द यशस्वी म्हणावी काय? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, तेव्हा त्यांच्या मित्रांनीही तो विचारला होता. मला वाटते, प्रश्नाची मांडणीच चुकते. कायदेमंडळात पडलेले मत हे पडलेल्या झाडासारखे नसते. त्यासाठी जमविलेली माहिती, बांधलेला युक्तिवाद आणि विरुद्ध पक्षाकडून वदवून घेतलेली उत्तरे ही सारी कामकाजाच्या पुस्तकात राहतात, आणि पुढचा कोणी ती उघडतो. परंतु एवढ्यावर बर्कची सुटका करणे मात्र बरोबर होणार नाही. कारण त्याच्या पराभवांत त्याच्या स्वतःच्या दोषांचा वाटा थोडाथोडका नाही.

त्यांतला पहिला दोष सर्वश्रुत आहे. तो फार बोले. तो उभा राहिला की सभासद जेवावयास उठत, म्हणून त्यास ‘जेवणाची घंटा’ असे टोपणनाव पडले. त्याचा मित्र गोल्डस्मिथ ह्याने १७७४ च्या एका विनोदी कवितेत त्याची जी थट्टा केली आहे तीतही हेच मर्म आहे: ऐकणाऱ्यांचे चित्त जेवणाकडे लागलेले, आणि हा आपला अजून सूक्ष्मात सूक्ष्म मुद्दा काढून पटवीत बसलेला. ही थट्टा खरी आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की ज्या गुणाने सभागृह कंटाळे त्याच गुणाने वाचक बांधला जातो. बर्क प्रश्नाला उत्तर देऊन थांबत नाही. तो प्रश्न कोठून उत्पन्न झाला, त्याच्यामागे लोकांच्या कोणत्या सवयी आहेत, कोणता जुना अन्याय आहे, ह्याचा माग काढीत जातो. हे काम कानांसाठी नव्हे, डोळ्यांसाठी आहे. त्याने आपली भाषणे स्वतः सुधारून छापविली, ह्याचा अर्थ हाच की त्याचा खरा श्रोता त्या रात्री सभागृहात नव्हता हे त्यास ठाऊक होते.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो त्याच्या सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्ताशी गुंतलेला आहे. १७७४ साली ब्रिस्टलने त्यास निवडून दिले. हे इंग्लंडातील मोठे व्यापारी शहर. सुमारे पाच हजार मतदारांचे. त्याच्याबरोबर निवडून आलेल्या क्रूगर नामक गृहस्थाने, मतदार सांगतील तसे मी वागेन, असे आश्वासन दिले होते. त्यास उत्तर म्हणून ३ नोव्हेंबर रोजी बर्कने जे भाषण केले ते आजही राज्यशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितले जाते. त्याचा आशय असा की प्रतिनिधीने मतदारांच्या सुखासाठी आपली विश्रांती, आपली सुखे, सर्व काही द्यावे. पण आपली विवेकबुद्धी मात्र देऊ नये, कारण ती त्यांच्याकडून मिळालेली नसते. पार्लमेंट म्हणजे निरनिराळ्या हितसंबंधांच्या वकिलांचा मेळावा नव्हे. ती एका राष्ट्राची विचारसभा आहे.

सिद्धान्त थोर आहे आणि बर्कने तो पाळलाही. आयर्लंडच्या व्यापारावरील जाचक बंधने सैल करावी म्हणून त्याने १७७८ साली मत दिले. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांच्या पोटावर ते पाय देणारे होते. कॅथॉलिकांवरील निर्बंध उठविण्याच्या बाजूस तो राहिला. कर्जापायी तुरुंगात कुजणाऱ्यांच्या बाजूने बोलला. १७८० च्या सप्टेंबरात तो मतदारांपुढे गेला आणि ह्या प्रत्येक गोष्टीचा जाब त्याने दिला, एकीबद्दलही क्षमा न मागता. माझ्या मते ब्रिस्टलचे हे दुसरे भाषण पहिल्यापेक्षा सरस आहे. पहिल्यात तत्त्व आहे, दुसऱ्यात त्या तत्त्वाची किंमत मोजलेली आहे. थोड्याच दिवसांत आपणांस मते मिळत नाहीत हे पाहून त्याने निवडणुकीतून अंग काढून घेतले.

परंतु येथेच वाचकाने थांबून पुढचे पान उलटावे. ब्रिस्टल गेल्यावर बर्क घरी बसला नाही. रॉकिंगहॅमच्या मुठीत असलेल्या माल्टन ह्या लहानशा मतदारसंघातून तो पुन्हा सभेत आला आणि शेवटपर्यंत तेथलाच सभासद राहिला. त्याआधीचे वेन्डोव्हरही लॉर्ड व्हर्नीच्या कृपेचे होते. म्हणजे अठ्ठावीस वर्षांपैकी बावीस वर्षे स्वतंत्र विवेकाचा हा उपदेशक अशा जागांवर बसला होता, जेथे मतदारांस विचारण्याचा प्रश्नच नव्हता. विचारावयाचे ते एका उमरावास. मतदाराच्या तंत्राने न चालण्याचे सामर्थ्य त्यास कोठून आले, ह्याचे उत्तर त्याच्या तत्त्वज्ञानात जितके आहे तितकेच त्या उमरावांच्या जमिनींत आहे. शिवाय ब्रिस्टलला तो फारच क्वचित जाई. मतदारांची तक्रार त्याच्या मतांविषयी होती तशी ह्या अनुपस्थितीविषयीही होती, आणि ह्या बाबतीत मला त्या व्यापाऱ्यांचाच पक्ष बरोबर वाटतो. ज्यांच्या म्हणण्याविरुद्ध जावयाचे त्यांचे म्हणणे निदान त्यांच्या तोंडून ऐकून तरी घ्यावे.

हे सर्व मान्य करूनही तो सिद्धान्त मला टाकवत नाही, आणि त्याचे कारण इंग्लंडातले नसून येथले आहे. आपल्या संविधानात १९८५ साली ५२ व्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पैसे व पदे देऊन सभासद फोडण्याचा जो बाजार मांडला गेला होता तो बंद व्हावा म्हणून ते आले. हेतूविषयी वाद नाही. परंतु त्याच्या योगाने असे झाले की पक्षाच्या आदेशाविरुद्ध ज्याने एकट्याने मत दिले त्याची जागा जाऊ शकते. फोडलेला सभासद आणि पटले नाही म्हणून वेगळा झालेला सभासद, ह्यांत भेद करण्याचे साधन त्या परिशिष्टाने ठेवले नाही. विद्यार्थ्यांस ब्रिस्टलचे भाषण शिकविताना हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो: सर, मग आपला खासदार सभागृहात विचार तरी कशासाठी करील? मी काहीतरी उत्तर देतो. ते माझे मलाच पुरत नाही. गंमत अशी की पक्षसंस्थेचे पहिले समर्थ मंडन बर्कनेच १७७० साली केले. एका तत्त्वावर एकत्र आलेल्या माणसांनी मिळून राष्ट्रहित साधावे, ही पक्षाची व्याख्या त्याची. पक्षाची निष्ठा आणि व्यक्तीचा विवेक ही दोन्ही त्याने एकाच हाताने लिहिली, आणि त्यांचा झगडा त्याच्याच आयुष्यात लागला.

तो झगडा म्हणजे फ्रान्सचे प्रकरण. ६ मे १७९१ रोजी भर सभागृहात त्याने पंचवीस वर्षांच्या स्नेह्याशी, फॉक्सशी, मैत्री तुटल्याचे जाहीर केले; फॉक्सच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याच्या ग्रंथाविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. त्यावर लिहिले गेले आहे तेवढे पुष्कळ आहे. १७९० साली, राजाचा वध व्हावयाच्या दोन वर्षांहून अधिक आधी, ह्या चळवळीचा शेवट कोणा लोकप्रिय सेनापतीच्या हाती सत्ता जाण्यात होईल हे त्याने ओळखले, हे मोठेच. पण फ्रान्सच्या राणीसाठी ज्याची लेखणी इतकी हेलावली, तीस फ्रान्सच्या उपाशी शेतकऱ्यासाठी एक परिच्छेद सुचू नये ही त्याच्या प्रतिभेची मर्यादा आहे, आणि टॉमस पेन व मेरी वुलस्टनक्राफ्ट ह्यांनी ती तत्काळ दाखवून दिली. पुढे तर सभागृहात खंजीर फेकण्यापर्यंत मजल गेली. ह्या काळातील त्याचे गद्य वाचताना आवाज चढलेल्या माणसाशेजारी बसल्यासारखे वाटते.

आता हिंदुस्थान. माझ्या मते बर्क हा सभासद म्हणून जेथे सर्वांत मोठा आहे ती जागा ही, आणि नेमकी हीच निवडक उताऱ्यांच्या पुस्तकांत सर्वांत कमी दिसते. तो ह्या देशात कधी आला नाही. १७८१ साली कॉमन्सने नेमलेल्या समितीवर तो गेला आणि त्यानंतरची कित्येक वर्षे कंपनीची पत्रे, जमाबंदीचे कागद, तहनामे वाचीत बसला. ह्या समितीचा नववा अहवाल १७८३ च्या जूनमध्ये निघाला. तो मुख्यतः बर्कच्या हातचा आहे असे अभ्यासक मानतात. त्यात अलंकार जवळजवळ नाहीत. बंगालच्या महसुलातूनच बंगालचा माल खरेदी करावयाचा, तो विलायतेस पाठवावयाचा, आणि मोबदल्यात देशात काहीच परत यावयाचे नाही. ह्यास व्यापार म्हणतात, पण व्यापाराचे एकही लक्षण ह्यात नाही, हे त्याने रकमा मांडून दाखविले. शंभर वर्षांनी दादाभाई नौरोजींनी जे द्रव्यशोषण आयुष्यभर आकड्यांनी सिद्ध केले, त्याचे पहिले स्पष्ट टाचण ह्या अहवालात आहे. ‘परीक्षेस नाही’ असा शेरा ज्यावर बसावा तोच हा मजकूर!

दोष येथेही आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. त्याची पुष्कळशी माहिती फिलिप फ्रान्सिसकडून आली. हा गृहस्थ हेस्टिंग्जशी पिस्तुलांचे द्वंद्व खेळून, जखमी होऊन परतलेला. बर्कचा आप्त विल्यम बर्क हा तंजावरच्या राजाचा, म्हणजे आपल्याच भोसले घराण्यातील तुळजाजीचा, मुखत्यार होता. तेव्हा अर्काटच्या नबाबावर बर्क तुटून पडतो तेव्हा त्याच्या आवाजात घरच्या हिताचा सूर मिसळलेला नाही असे शपथेवर सांगता येत नाही. महाभियोगाच्या प्रास्ताविक भाषणात त्याने रंगपूरच्या अत्याचारांचे जे वर्णन केले त्याने प्रेक्षकांतील स्त्रिया मूर्च्छित झाल्याचे सांगतात. पण त्या अत्याचारांचे स्वतंत्र कलम आरोपपत्रात नव्हते, आणि पुढील चौकशीत ती सारी हकीकत टिकली नाही. नंदकुमारचा खून झाला असे शब्द त्याने वापरले, तेव्हा १७८९ च्या मे महिन्यात खुद्द कॉमन्सने त्याविरुद्ध ठराव केला. न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या फिर्यादीने जो संयम ठेवावा तो ह्या माणसाजवळ नव्हता. हेस्टिंग्ज सुटला ह्यात बर्कच्या वाणीचा हातभार आहे, हे कटू असले तरी म्हटले पाहिजे.

तरीही एक गोष्ट त्याने अशी केली की जी त्या सभागृहात दुसऱ्या कोणास सुचली नव्हती: हिंदुस्थानातल्या माणसांस त्याने माणसे म्हणून पाहिले. अक्षांश बदलला म्हणून नीती बदलत नाही, असा त्याचा आग्रह होता. हा आग्रह केवळ व्यासपीठावरचा नव्हता, ह्याचा पुरावा मराठी वाचकास विशेष जवळचा आहे.

राघोबादादांचे वकील म्हणून हनुमंतराव नावाचे एक ब्राह्मण, आणि त्यांच्याबरोबर मनुआर रतनजी हे पारशी व त्यांचा मुलगा, असे १७८१ साली लंडनला पोचले. दादांस पुण्याची गादी मिळवून देण्यास इंग्रज सरकारने मदत करावी, हे मागणे. सरकारने त्यांची फारशी दाद घेतली नाही. परक्या शहरात, परक्याच्या हातचे पाणीही चालत नाही अशा स्थितीत, त्या ब्राह्मणाचे हाल कसे झाले असतील हे आपणांस सांगावयास नको. बर्कला हे कळताच तो त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या बागेत रोपांसाठी बांधलेले काचगृह होते. ते त्याने त्यांस स्वयंपाकासाठी आणि स्नानसंध्येसाठी रिकामे करून दिले. नंतर खुद्द राघोबादादांसही त्याने पत्र लिहिले. ह्याच सुमारास बंगालच्या न्यायव्यवस्थेचा प्रश्न कॉमन्सच्या समितीपुढे होता. तेथे ह्या पाहुण्यांच्या साक्षी होऊन हिंदूंचे व पारशांचे आचार त्यांच्याच तोंडून नोंदले गेले. इंग्रजांचा कायदा सरसकट हिंदी लोकांवर लादू नये, हे त्या वर्षीच्या कायद्यात आले.

मला ह्या प्रसंगाचे मोल एवढ्यासाठी वाटते की येथे बर्कचा सिद्धान्त आणि त्याचे आतिथ्य परस्परविरुद्ध दिशांस जातात, आणि तो दोन्ही सोडत नाही. राघोबादादांच्या हक्काचे निमित्त करून मुंबईकर इंग्रजांनी जे युद्ध ओढवून घेतले ते त्यास सर्वस्वी निंद्य वाटत होते. ज्याच्या धन्याचे मागणे मान्य करणे त्यास शक्यच नव्हते, त्या वकिलासाठी त्याने काचगृह रिकामे केले. ह्या हनुमंतरावांचे पुढे काय झाले तेही नोंदलेले आहे: समुद्रगमनाचा दोष जाण्यासाठी परत आल्यावर त्यांस सोन्याच्या योनीतून बाहेर काढून नवा जन्म घ्यावा लागला. दोन्ही देशांच्या रीतिभाती ज्याने पाहिल्या अशा त्या माणसाने बीकन्सफील्डविषयी काही लिहून ठेवले असते तर बर्कच्या टीकाकारांची किती तरी पाने वाचली असती.

सालबाईचा तह १७८२ साली झाला. पुढच्या वर्षी, १ डिसेंबर १७८३ रोजी, फॉक्सच्या विधेयकावर बर्क बोलला. त्या भाषणात, कंपनीने ज्यांच्याशी म्हणून तह केला त्या प्रत्येकास कसे विकले, ह्याची एक लांबच लांब यादी आहे. बादशहा, रोहिले, बंगालचे नबाब ह्यांच्या पंक्तीत मराठ्यांचे राज्यही येते: ते प्रथम राघोबास विकले गेले, मग राघोबा पेशव्यास विकला गेला, आणि मग दोघेही नागपूरकर भोसल्यास देऊ केले गेले. आपल्या घरी पाहुणा राहून गेलेल्या वकिलाच्या धन्याचे नाव बर्कने ह्या यादीत घातले ते कोणाची कीव करण्यासाठी नव्हे; बाजारात काय काय निघाले होते एवढेच सांगण्यासाठी. हे भाषण ज्या महिन्यात झाले त्याच महिन्यात राघोबादादा कोपरगावी वारले.